एसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? नागपूरकरांनी उन्हाळ्याआधी करायचा हिशेब

२०२४ च्या मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला त्याच दिवशी सासूबाईंच्या खोलीतला एसी बंद पडला. त्रिमूर्तीनगरात आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब, आणि आईंचं वय ७८. नवा एसी दुसऱ्या दिवशी घरी आला, पण तो बसवायला माणूस मिळायला चार दिवस लागले. ते चार दिवस आई हॉलमध्ये कूलरसमोर खाट टाकून होत्या. आम्ही पाळीपाळीने त्यांना ओआरएस पाजत होतो, ओल्या पंच्याने हातपाय पुसत होतो.

त्या यंत्रात आधीच्या दोन उन्हाळ्यांत आम्ही तीनदा गॅस भरून घेतला होता. पहिल्याच वेळी ‘आधीचा गॅस गेला कुठे?’ एवढं विचारलं असतं, तर तो एसी फेब्रुवारीतच शांतपणे बदलला असता. पुढच्या वर्षी मुलाच्या खोलीतला पाच वर्षांचा एसी बिघडला. तेव्हा दुकानदार नवा घ्या म्हणत असताना आम्ही तो दुरुस्त करून घेतला आणि तो अजून छान चालतो आहे. या दोन अनुभवांतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मिहान या इथल्या औद्योगिक क्षेत्रातल्या नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नागपुरात नव्याने आलेल्यांनी तर हे जरूर वाचावं. पुण्या-मुंबईचा एसीचा अनुभव इथल्या एप्रिल-मेमध्ये फारसा कामाला येत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आमचा तो पहिला एसी त्याच उन्हाळ्यात घेतलेला.

आधी ही तयारी करा

कागदपत्रं:
- एसीचं मूळ बिल आणि वॉरंटी कार्ड. बिल हरवलं असेल तर दुकानातून प्रत मागा, जीएसटी बिलाची नोंद त्यांच्याकडे असते.
- इनडोअर (खोलीतला भाग) आणि आउटडोअर (बाहेर बसवलेला भाग) या दोन्हींवरच्या माहितीपट्टीचे मोबाइलवर काढलेले फोटो.
- आधीच्या सर्व्हिसिंगची, गॅस भरल्याची बिलं. बिल नसेल तर तारखा तरी आठवून लिहा.
- महावितरणची मागच्या दोन उन्हाळ्यांची वीजबिलं. त्यावर मंजूर भार किती किलोवॉट लिहिला आहे तेही पाहा.
- भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी झालेलं बोलणं व्हॉट्सअॅपवर लेखी. एसी त्यांचा आणि खर्च तुमचा, असं नंतर होऊ नये.

साधनं फार लागत नाहीत: दोन साधे डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि एक वही. वही खरंच ठेवा.

१. एसीच बिघडला आहे का, हे आधी ठरवा

‘थंड होत नाही’ ही तक्रार पुष्कळदा एसीची नसतेच. मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं तपासा.

इनडोअरचे फिल्टर काढून धुवा. एप्रिलमध्ये इथे इतकी धूळ असते की पंधरा दिवसांत जाळी बुजते. मग आउटडोअर बघा. त्याच्या मागच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ, कबुतरांची पिसं, सावरीचा कापूस अडकला असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. आउटडोअरवर पाणी मारायची आपल्याकडे सवय आहे. नळाचं पाणी अधूनमधून चालेल, पण बोअरचं जड पाणी रोज मारलं की त्या पत्र्यांवर पांढरा थर बसतो आणि दोन वर्षांत एसी आणखी बिघडतो.

आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर दुपारी तो ४५ अंशांच्या हवेत, वर थेट उन्हात काम करतो. वरून हिरवी जाळी बांधून सावली द्या, पण पंख्यासमोर काही येऊ देऊ नका. सावलीच्या नादात लोक चारी बाजूंनी जाळी गुंडाळतात. मग गरम हवा तिथेच फिरत राहते आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) तापून बंद पडतो.

स्टॅबिलायझरवर येणारं व्होल्टेज संध्याकाळी सात ते अकरा या वेळात पाहून वहीत लिहा. सगळ्या मोहल्ल्याचे एसी-कूलर एकदम सुरू असतात तेव्हा ते खाली जातं. त्यामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल तर दोष यंत्राचा नाही, तक्रार महावितरणकडे करायची.

आणखी एक गोष्ट, जी नव्याने आलेल्यांना कोणी सांगत नाही. एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र चालवू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, म्हणून त्याला उघडी खिडकी लागते. एसीला बंद खोली लागते, आणि हवेतला ओलावा काढण्यातही त्याची बरीच ताकद जाते. दोन्ही एकदम लावले की कूलर ओलावा भरतो, एसी तो उपसत बसतो आणि खोली काही गार होत नाही.

शेवटी स्लॅब. रात्री बारा वाजता छताला हात लावून बघा. हात भाजत असेल तर कोणताही एसी तिथे धापा टाकेल. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुन्याचा जाड हात दिला, तर जुन्याच एसीत फरक कळतो. आम्ही हे एसी बदलल्यावर केलं. आधी करायला हवं होतं.

२. दोन थर्मामीटरची चाचणी

दारं-खिडक्या बंद करा. एसी ‘कूल’वर, १८ अंशांवर, पंखा जोरात ठेवून २० मिनिटं चालवा. इन्व्हर्टर एसी (जो गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो) पूर्ण ताकदीने चालावा म्हणून १८. एरवी २४-२५ वरच ठेवा. मग एक थर्मामीटर इनडोअरच्या वर, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा आणि दुसरा थंड हवेच्या तोंडाशी. दोन-तीन मिनिटांनी आकडे लिहा.

दोन्हींत साधारण १० अंशांच्या आसपास फरक असेल तर यंत्र आपलं काम करतं आहे, दोष खोलीत शोधा. फरक पाच-सहा अंशांवर आला असेल तर गॅस, कॉइल (गॅस फिरतो ती वळणावळणाची नळी) किंवा कॉम्प्रेसर यांत काहीतरी आहे. पावसाळ्यात उमस असताना हा फरक तसाही कमी येतो, म्हणून चाचणी कोरड्या दिवशी करा. मेकॅनिक आला की ती वही त्याच्यासमोर उघडा. बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

३. माहितीपट्टी वाचा

आउटडोअरवरच्या पट्टीवर तीन गोष्टी शोधा: बनवल्याचा महिना-वर्ष, गॅसचं नाव आणि तो किती ग्रॅम भरायचा.

गॅस ‘आर-२२’ असेल तर यंत्र बहुतेक दहा वर्षांच्या आसपासचं किंवा त्याहून जुनं आहे. हा वायू ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून तो वापरणारी नवी यंत्रं बनवायला बंदी आहे. दुरुस्तीसाठी गॅस अजून मिळतो, पण पुढे तो स्वस्त आणि सहज मिळेल या भरवशावर मोठा खर्च करू नका. ‘आर-४१०ए’ आणि ‘आर-३२’ हे नंतरचे. सध्याच्या बहुतेक एसींमध्ये आर-३२ असतो, काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो.

इथे एक धोका आहे आणि तो जिवावरचा आहे. ‘आर-२२ नाही, पण दुसरा गॅस टाकून देतो, चालतो’ असं कोणी म्हणालं तर सरळ नकार द्या. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, त्याला लागणारं तेलही वेगळं. शिवाय आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे आणि आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटतो. जुनं यंत्र त्यासाठी बनलेलंच नाही.

४. नेमका कोणता भाग गेला?

माझं मत स्पष्ट आहे: ‘एसी जुना झाला’ हे बदलण्याचं कारण होऊ शकत नाही. कोणता भाग गेला ते नाव घेऊन सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. लक्षणांवरून अंदाज तुम्हालाही बांधता येतो.

*आउटडोअरचा पंखा फिरतो, ‘हुंऽऽ’ असा आवाज येतो, पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही.* बिगर-इन्व्हर्टर एसीत बहुतेक कॅपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला विजेचा झटका देणारा छोटा भाग) गेलेला असतो. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त जाणारा भाग हाच, आणि तो काहीशे रुपयांत बदलतो. याच लक्षणावर ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगितलं जातं, म्हणून आधी कॅपॅसिटर मीटरवर मोजून दाखवायला सांगा.

*इनडोअरमधून पाणी गळतं.* ड्रेनचा पाइप तुंबला आहे किंवा उतार बिघडला आहे. याच्याशी गॅसचा संबंध क्वचितच असतो.

*पंखा अडखळतो, आवाज करतो.* मोटर किंवा ब्लोअर. दुरुस्त करा, कितीही जुना एसी असला तरी.

*इनडोअरवर एरर कोड लुकलुकतो.* फोटो काढून ठेवा, तो कोड त्या कंपनीच्या पुस्तिकेत असतो. इन्व्हर्टर एसीत हे पुष्कळदा सेन्सरचं असतं आणि सेन्सर स्वस्त असतो. तो न तपासता थेट पीसीबी (यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला सांगणं हा दुसरा नेहमीचा सापळा. मुलाच्या खोलीत मात्र खरंच आउटडोअरचा पीसीबी गेला होता, आत पाल शिरून चिकटली होती. नवा पीसीबी साडेसात हजारांना पडला. पीसीबी दुरुस्त करून देणारे कारागीरही आहेत. वॉरंटी संपली असेल आणि बोर्ड फार जळला नसेल तर आधी त्यांना दाखवा.

*कॉम्प्रेसर.* सुरू होताच एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) पडतो, किंवा चालतो पण दाबच बनत नाही. हा यंत्राचा जीव. वॉरंटी कार्ड आधी काढा, कारण बऱ्याच इन्व्हर्टर एसींच्या कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी असते आणि लोक विसरून जातात. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी, ने-आण यांचे पैसे वेगळे लागतात, तो आकडा लेखी घ्या. वॉरंटी नसेल आणि यंत्र सात-आठ वर्षांपुढचं असेल, तर माझ्या मते कॉम्प्रेसर बदलू नये.

५. ‘काकाजी, गॅस खतम आहे’

मेकॅनिकच्या या नेहमीच्या वाक्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो आणि यंत्र असेपर्यंत तेवढाच राहायला हवा. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा जाणार. आमच्याकडे पहिल्यांदा ११ महिने टिकला, दुसऱ्यांदा पाच, तिसऱ्यांदा सहा आठवडे. हे आकडे वहीत असते तर चित्र तेव्हाच दिसलं असतं. भोक मोठं होत चाललं होतं.

गॅस खरंच कमी आहे का? इनडोअरच्या कॉइलवर किंवा आउटडोअरच्या बारीक नळीवर बर्फ धरणं हे एक लक्षण, पण फिल्टर तुंबला तरी बर्फ धरतो. आउटडोअरच्या नटांपाशी तेलकट काळा डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे, कारण गॅससोबत थोडं तेलही बाहेर येतं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

गळती नटापाशी किंवा जोडावर असेल तर देव पावला. नळीचं तोंड नव्याने करून नट आवळला की काम झालं, यंत्र कितीही जुनं असो. कॉइलमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. तांब्याच्या कॉइलला एखादं भोक असेल तर ते ब्रेझिंग करून (धातू वितळवून जोडून) बुजवता येतं, पण कॉइल आतून कुरतडली गेली असेल तर एक बुजवलं की शेजारी दुसरं होतं. घर नाल्याजवळ, तुंबलेल्या गटाराजवळ असेल तर तिथल्या वायूने तांबं लवकर खराब होतं. अशा घरात दोन-तीन वर्षांच्या एसीची कॉइलही गेलेली मी पाहिली आहे. अॅल्युमिनियमच्या कॉइलची जोडणी सगळ्यांना जमत नाही, तिथे बहुतेक वेळा कॉइलच बदलावी लागते.

गळती काढल्यावर गॅस कसा भरतात ते समोर उभं राहून पाहा. बरोबर पद्धत अशी:

- आधी नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहणं. घाईत अर्धा तास, शक्य असेल तर काही तास.
- मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा पूर्ण काढणं, निदान २०-३० मिनिटं. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे.
- मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, माहितीपट्टीवर लिहिले आहेत तितके ग्रॅम भरणं.

फोनवर बोलतानाच विचारा, ‘भाऊ, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणता ना?’ जो ‘त्याची गरज नाही’ म्हणेल त्याला बोलावू नका. भर मेमध्ये हे कठीण जातं, मला ठाऊक आहे. बिलावर गॅसचं नाव, ग्रॅम, गळती कुठे होती आणि किती दिवसांची हमी, हे चारही लिहून घ्या.

६. ‘वर्षाला किती पडतं’ हा हिशेब

दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्या, असं लोक सांगतात. ते ढोबळमानाने ठीक आहे, पण मला त्याहून उपयोगी पडला तो साधा भागाकार: हा खर्च केला तर यंत्र अजून किती वर्षं देईल?

आईंच्या खोलीतला एसी ११ वर्षांचा, आर-२२ चा. कॉइल नऊ हजार, गॅस साडेतीन हजार, एकूण साडेबारा हजार. इतक्या जुन्या यंत्राकडून तीन वर्षांपलीकडे अपेक्षा धरता येत नाही. म्हणजे वर्षाला सुमारे ४,२०० रुपये. नवा १.५ टनाचा पाच स्टार इन्व्हर्टर बसवण्यासकट ४७ हजारांना पडला. दहा वर्षं धरली तर वर्षाला ४,७०० रुपये.

वरवर पाहता दुरुस्ती स्वस्त. आता वीज धरा, आणि ती अंदाजाने धरू नका. रात्री दहाला मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी सहाला पुन्हा घ्या. एक रात्र एसी लावून, एक रात्र न लावता. दोन्हींतला फरक म्हणजे एसीचे युनिट. आमच्या गळक्या एसीचे रात्रीला १२ युनिट निघाले, कारण कॉम्प्रेसर एकदाही थांबत नव्हता. गॅस भरल्यावर तेच नऊ झाले होते. नवा सहा खातो. तुलना आजारी यंत्राशी न करता दुरुस्त झालेल्या यंत्राशी करायची, म्हणजे नऊ आणि सहा. रोजचे तीन युनिट, आमच्याकडे वर्षाच्या सुमारे ११० रात्री, म्हणजे ३३० युनिट. एसीचे युनिट तुमच्या बिलाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात मोजले जातात, म्हणून सरासरी दर न घेता बिलातला वरच्या टप्प्याचा दर घ्या. १२ रुपये धरला तर ३,९६० रुपये वाचतात. नव्याचा खरा बोजा वर्षाला साडेसातशेच्या आत आला. निर्णय झाला.

मुलाच्या एसीचं उलट. साडेसात हजारांचा पीसीबी, आर-३२ चं पाच वर्षांचं यंत्र, अजून पाच वर्षं सहज. वर्षाला दीड हजार. नवा घेऊन वीज फारशी वाचणार नव्हती, कारण हाही इन्व्हर्टरच होता.

यावरून एक लक्षात घ्या: चांगल्या चालणाऱ्या एसीला केवळ वीज वाचेल म्हणून काढू नका. तुम्ही वर्षात दोनच महिने एसी लावत असाल तर ती बचत किमतीला कधीच गाठत नाही. दिवसभर घरी वृद्ध किंवा लहान बाळ असेल आणि एसी १४-१५ तास चालत असेल तर मात्र हिशेब झपाट्याने नव्याच्या बाजूला झुकतो. आणि घरात अशी व्यक्ती असेल तर मी पैशांच्या हिशेबात आणखी एक गोष्ट मिळवेन: मेच्या मध्यावर हे यंत्र बंद पडलं तर चालेल का? आमच्याकडे चालणार नव्हतं.

७. एसी बदलण्याआधी कूलरकडे बघा

नागपूरची हवा मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोरडी असते, आणि कोरड्या हवेत चांगला कूलर जे करतो ते कमी विजेत करतो. पाऊस लागला की उमस सुरू होते आणि कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा एसी लागतो. म्हणून खूप घरांत दोन्ही असतात, आणि तेच शहाणपणाचं आहे. एसी दुरुस्तीला असताना कूलर हाच आधार, हे आम्ही अनुभवलं.

कूलरचा निर्णय सोपा. पंप, वुडवूलच्या किंवा खसच्या ताट्या, मोटरचं रिवाइंडिंग हे सगळं दुरुस्तीचं. वुडवूल तर दरवर्षी बदलायचंच. टाकीचा पत्रा खालून गंजून चाळण झाला असेल तर मात्र एम-सील लावत बसू नका. लोखंडी बॉडीत गळकं पाणी आणि वीज एकत्र येतात, शॉक लागून दरवर्षी माणसं जातात. बॉडी बदला आणि अर्थिंग नक्की तपासा. पाऊस पडला की टाकी कोरडी करून पुसून ठेवा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

८. नवा घ्यायचं ठरलं तर

स्टार बघताना वर्षही बघा. २०१८ च्या स्टार-कोष्टकात पाच स्टारसाठी आयसीर (हंगामभरात खाल्लेल्या विजेच्या किती पट थंडावा मिळतो तो आकडा) ४.५ पुरत होता, जुलै २०२२ पासून तो ५.० झाला, आणि जानेवारी २०२६ पासून कोष्टक आणखी कडक झालं. म्हणजे जुन्या साठ्यातला ‘पाच स्टार’ नव्या कोष्टकात चारचाच असू शकतो. लेबलवर किती सालापर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं. त्यावरचे वर्षाचे युनिट १६०० तासांवर धरलेले असतात, आपले तास कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदला.

‘दीड टन’ या शब्दावर थांबू नका. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट थंडावा, तेव्हा दीड टन ५.२ च्या आसपास भरायला हवा. दुकानात दीड टन म्हणून ४.७ चे एसीही मिळतात. शिवाय हा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा असतो, ४५ अंशांत तो घटतो. वरच्या मजल्यावरच्या १०×१२ च्या खोलीला आम्ही म्हणूनच पूर्ण क्षमतेचा दीड टन घेतला. तळमजल्यावर तेवढ्याच खोलीला एक टन पुरतो. किती अंशांपर्यंत चालतो हे माहितीपुस्तिकेत वाचा. इथे ५० च्या पुढचाच घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलात तोच लावला आहे ना, पाहा.

बसवणाऱ्याकडूनही व्हॅक्यूम करून घ्या. नव्या एसीत गॅस आउटडोअरमध्ये भरलेला येतो, पण जोडनळ्यांत हवा असते. ती न काढल्यामुळे पहिल्याच वर्षी कटकटी सुरू होतात. जुन्या नळ्या वापरू देऊ नका, विशेषतः आर-२२ च्या. सोबत येणारी नळी साधारण तीन मीटरची असते, वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे लागतात, ते आधी ठरवा. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग हवं. दोन-तीन एसी झाले असतील तर मंजूर भार वाढवून घ्या.

तक्रार कंपनीकडे अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल आणि अनुक्रमांक हाताशी ठेवून फोन करा.

९. जुनं यंत्र कुठे द्यायचं

एक्स्चेंजमध्ये दुकानदार किती देतो ते विचारा आणि मगच कबाडीवाल्याशी बोला, कारण जुन्या यंत्रात तांब्याची चांगली किंमत असते. पण घरी नळी कापून गॅस हवेत सोडू देऊ नका. मेकॅनिककडून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन, व्हॉल्व्ह बंद करून मगच ते उतरवायचं. एसी ई-कचऱ्याच्या नियमांत येतो, म्हणून कंपनीच्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे देणं सर्वांत चांगलं.

१०. हे सगळं कधी करायचं

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दुपारी ३३-३४ अंश होतात, चाचणीला तेवढं ऊन पुरतं आणि मेकॅनिकला अजून वेळ असतो. चाचणी, गळतीचा शोध, भागाकार हे सगळं होळीच्या आत उरका. नवा घ्यायचा असेल तर मार्चमध्ये बसवून घ्या, म्हणजे एप्रिलमध्ये काही दोष निघाला तरी कंपनीचा माणूस दोन दिवसांत येतो. मेमध्ये तोच माणूस आठ दिवसांनी येतो.

तरी एसी नवतप्यात बंद पडलाच, तर घाईने काही विकत घेण्याआधी घरातल्या वृद्धांना आणि बाळांना खालच्या मजल्यावर किंवा शेजाऱ्यांच्या थंड खोलीत हलवा, कूलरला पाणी भरा आणि मग कॅपॅसिटरपासून तपासायला सुरुवात करा.